तीस हजारांची जाहिरात

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून जातो. पूर्वी त्याला सारे सात नंबर म्हणत. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हापासून तो ४४ नंबरचा झाला. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करीत तो पिंपळखुटीपाशी येतो, पैनगंगा ओलांडतो आणि तेलंगणात शिरतो. रात्री-अपरात्री केव्हाही जाऊन उभे राहा, गाड्यांची रांग तुटत नाही. वणीकडचा कोळसा, मुकुटबनचा सिमेंट, आणि दिवाळीच्या सुमारास कापूस घरात आला की जिनिंगमधून निघालेल्या, १७० किलोच्या एक अशा, रुईच्या गाठी. त्या गाठी थेट दक्षिणेतल्या सूतगिरण्यांपर्यंत जातात.

या गाड्या कोणीतरी हाकतो. आणि तो हाकणारा पुष्कळदा आपल्याच एखाद्या गावचा, दोन-चार एकर कोरडवाहू शेती असलेल्या घरचा मुलगा असतो. शेतीत भागत नाही, म्हणून तो गाडीवर लागतो. त्याला तिकडे नेणारी असते ती जाहिरात. कधी ती ढाब्याच्या भिंतीवर चिकटवलेली असते, कधी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, तर हल्ली बहुतकरून मोबाइलवर येते : ‘अवजड वाहन चालक पाहिजेत. महिना ३०,००० रुपयांपर्यंत कमाई. भत्ता, जेवणखर्च वेगळा विचारावा.’

आजचा आपला प्रश्न एवढाच, की जाहिरातीतले हे तीस हजार आणि महिनाअखेर घरी येणारा पैसा, या दोहोंचा मेळ बसतो की नाही?

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज नाही. सरकार कापसाचा हमीभाव जाहीर करते. तो भाव असतो ठरावीक प्रतीच्या, आठ टक्के ओलावा असलेल्या कापसाचा. ओलावा आठच्या वर गेला की भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेला की खरेदीच होत नाही. गाडी भरून नेणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असते. जाहीर झालेला भाव आणि पट्टीवर लागलेला भाव यांत ओलावा उभा आहे, हे तो जाणतो. ड्रायव्हरच्या जाहिरातीतही असाच ओलावा आहे. तो कुठे कुठे मुरलेला असतो, ते आज पाहू.

जाहिरातीतला सर्वांत लहान शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. तो शब्द ‘पर्यंत’. तीस हजार ‘पर्यंत’ म्हणजे तीस हजार नव्हे. सगळे जुळून आले तर जिथवर पोचता येईल ती ती रेघ. आता ही रेघ कशी आखली जाते, हे समजण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक मालकाचे दर निराळे असतात, पण हिशेबाची रीत सारखीच असते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

समजा, मूळ पगार १२,००० रुपये. त्यावर दर खेपेला २,००० रुपये भत्ता, आणि महिन्याला चार खेपा धरल्या, म्हणजे ८,०००. रोजची खोराकी ३०० रुपये, २६ दिवसांची ७,८००. आणि डिझेलचा अॅव्हरेज चांगला दिला तर महिन्याला २,२०० रुपये बक्षीस. बारा, आठ, सात-आठशे आणि बावीसशे मिळून बरोबर ३०,००० झाले. जाहिरात खोटी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. बेरीज चोख आहे.

आता गाडी रस्त्यावर काढू. पांढरकवड्याहून गाठी घेऊन तमिळनाडूतल्या कोइमतूरच्या बाजूला जायचे, तर एका बाजूचे अंतर १३०० किलोमीटरच्या आसपास पडते. जाऊन-येऊन २६००. रोज ४०० किलोमीटर गाडी चालली तर साडेसहा दिवस. सव्वीस दिवसांत चार खेपा, हे गणित इथून आले. पण या गणितात गाडी फक्त चालते आहे. ती कुठे उभी राहतच नाही!

प्रत्यक्षात काय होते? माल भरायला एक दिवस जातो. गिरणीच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत एक-दीड दिवस जातो. मध्ये रविवार किंवा सण आला तर विचारूच नका. माल उतरला की परतीच्या भाड्यासाठी दलालाच्या अड्ड्यावर दोन दिवस बसावे लागते, कारण इतक्या लांबून रिकामी गाडी परत आणणे मालकाला परवडत नाही. हे सारे मिळून साडेचार दिवस धरा. साडेसहाची खेप अकरा दिवसांची झाली. अशा दोन खेपांत बावीस दिवस गेले. उरलेल्या आठ दिवसांत गाडी गॅरेजला लागते, पुढचे भाडे ठरायचे असते, आणि ड्रायव्हरलाही चार दिवस घरी जायचे असते. तिसरी खेप त्या महिन्यात पुरी होत नाही.

आता पुन्हा बेरीज करा. मूळ पगार १२,०००. भत्ता दोन खेपांचा, ४,०००. खोराकी पुष्कळ मालक गाडी चालली त्या दिवसांचीच देतात. म्हणजे तेरा दिवसांची, ३,९००. अॅव्हरेजचे बक्षीस एका खेपेला मिळाले, दुसरीला हुकले : १,१००. एकूण झाले २१,०००. नऊ हजार रुपये कोणी चोरले नाहीत, कोणी कापले नाहीत, तरी ते गेले. गाडी उभी राहिली, एवढेच झाले.

बरे, हे एकवीस हजार तरी घरी येतात का? बावीस दिवस ढाब्यावर जेवायचे, दोन वेळा चहा, आंघोळीचे पैसे, रात्री गाडी लावण्याचे पैसे. रोजचे ३५० रुपये धरले तर ७,७०० झाले. उरले १३,३००. कुठे गाडी चुकीच्या जागी उभी केली म्हणून दंड भरला, पावसात ताडपत्री फाटली ती ड्रायव्हरच्या नावावर लागली. असे १,३०० धरा. घरी आले १२,०००.

मौज पाहा. मूळ पगार बारा हजार होता आणि हातातही बाराच हजार आले. वरचे अठरा हजार कागदावर होते. त्यांतले जे मिळाले ते रस्त्यानेच परत घेतले.

तुम्ही म्हणाल, घरी असता तरी तो जेवलाच असता. ते जेवण ड्रायव्हरकीच्या खाती कशाला मांडता? बरोबर आहे. घरच्या जेवणाचे रोजचे शंभर रुपये धरून बावीस दिवसांचे २,२०० परत मिळवू. झाले १४,२००. आता तासांचा हिशेब पाहू. गाडी चालवणे, माल भरताना उभे राहणे, रांगेत थांबणे, रात्री मालाची राखण करणे, हे सारे धरून रोजचे बारा तास काम कमी नव्हे, जास्तच होईल. बावीस दिवसांचे २६४ तास. तासाला पडले सुमारे ५४ रुपये. आणि जाहिरात वाचताना त्या मुलाने मनाशी काय धरले होते? तीस हजार, सव्वीस दिवस, रोज आठ तास : तासाला १४४ रुपये. जाहिरातीत आणि हातात जे अंतर आहे ते इतके.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खोराकी ही कमाई नव्हे. घराबाहेर राहावे लागते म्हणून जो जादा खर्च होतो, त्याची ती भरपाई आहे. हे मी माझ्या मनचे सांगत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतनाची जी व्याख्या केली होती, तीत कामाच्या स्वरूपामुळे कराव्या लागणाऱ्या खास खर्चापोटी दिलेली रक्कम वेतनातून वगळली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती तशीच वगळली आहे. तेव्हा जाहिरातीत खोराकी मिळवून जो आकडा छापतात, तो ड्रायव्हरच्या खिशातून जाणारा पैसाच कमाई म्हणून दाखवतो.

डिझेलच्या अॅव्हरेजचेही तसेच. समजा मालकाने लिटरला चार किलोमीटर ठरवून दिले. २६०० किलोमीटरला ६५० लिटर. पण गाडी भारी भरली, वाटेत चढ लागले, शहराबाहेर तासभर गर्दीत रेंगाळली आणि अॅव्हरेज ३.८ पडला, तर लागले ६८४ लिटर. हे चौतीस लिटर कोणाच्या माथी? बक्षीस मिळण्याचे राहिलेच, उलट ही तूट ड्रायव्हरच्या हिशेबात लावण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. तीच गोष्ट मालातल्या घटीची आणि उतरवताना मागितल्या जाणाऱ्या वाराईची. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ असे वाहतूकदार वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत. पण फाटकाशी एकटा उभा असतो तो ड्रायव्हर, आणि पहिली नोट त्याच्याच खिशातून निघते.

आता मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्याकडे ट्रकधंद्याचा मोठा हिस्सा एक, दोन, फार तर पाच गाड्या असलेल्या लहान मालकांच्या हाती आहे. त्यांतले कित्येक एके काळी स्वतःच ड्रायव्हर होते. गाडीचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. भाडे मात्र ठरल्या तारखेला येत नाही. टायर, विमा, टोल, दलाली आणि डिझेल, हे सारे आधी. गाडी गिरणीच्या दारात दोन दिवस उभी राहिली तर त्या दोन दिवसांचे त्यालाही कोणी देत नाही. म्हणून तो मूळ पगार लहान ठेवतो आणि बाकीचे खेपेवर बांधतो. गाडी चालली तर दोघांना, उभी राहिली तर कोणालाच नाही. त्याच्या दृष्टीने हा न्याय आहे. पण दोघांत फरक असा, की उभ्या गाडीचा तोटा मालक पुढच्या भाड्यात काढू शकतो. ड्रायव्हरचा गेलेला दिवस गेलाच.

हा केवळ आपल्या मुलखातला प्रकार आहे असेही नाही. अमेरिकेत १९३८ साली कामाच्या तासांचा आणि जादा वेळेच्या मजुरीचा कायदा झाला, पण राज्याराज्यांतून माल नेणारे ड्रायव्हर जादा वेळेच्या तरतुदीतून बाहेर ठेवले गेले. तिथे दर मैलामागे पैसे देण्याची पद्धत रूढ आहे. सबब माल उतरण्याची वाट पाहत घालवलेल्या तासांवरून तिथेही तंटे होतात. युरोपीय संघाने २००६ च्या नियमात निराळी वाट धरली. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती सक्तीची केली. शिवाय रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर पगार बांधण्याला मनाई केली.

या मनाईचे कारण आपण ओळखले पाहिजे, कारण इथे गोष्ट पैशापुरती राहत नाही. खेपेवर पैसे बांधले की झोप महाग होते. चार तास डोळा लावला तर खेप चार तासांनी लांबते. मग ड्रायव्हर चहावर चहा घेतो, तोंडावर पाणी मारतो आणि पुढे निघतो. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० साली देशातल्या दहा ठिकाणच्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचे रोजचे काम सरासरी बारा तासांच्या घरात निघाले. थकवा वा झोप आलेली असतानाही आपण गाडी चालवतो, असे जवळजवळ निम्म्यांनी कबूल केले. आणि शंभरातल्या ८४ जणांनी सांगितले की, आपल्या घरच्या कोणाला या धंद्यात या असे आम्ही म्हणणार नाही. पहाटे तीन वाजता करंजीच्या वळणावर समोरून येणाऱ्या एस.टी.तले प्रवासी त्या ड्रायव्हरचा पगार जाणत नाहीत. पण त्याच्या पगाराच्या रीतीवर त्यांचाही जीव अवलंबून असतो.

कायदा काय सांगतो? आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. लांबच्या मार्गावर परवानगीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ पर्यंत. पाच तासांमागे निदान अर्धा तास विश्रांती. जादा कामाला दुप्पट दर. कायदा चांगला होता, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर असा संसार त्याच्या बाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६१ चा हा कायदा त्यांतल्या एका संहितेत सामावला गेला. वेतन संहितेच्या काही गोष्टी मात्र प्रत्येक ड्रायव्हरने ध्यानात ठेवाव्यात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली वा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. पगारातून एकंदर कपात निम्म्याहून अधिक होता कामा नये. आणि नुकसानीपोटी कपात करायची तर आधी त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. त्याच्या हयगयीने झालेले नुकसानच कापता येते, पावसाने झालेले नव्हे.

उचलीविषयी दोन शब्द वेगळे सांगतो. बहिणीचे लग्न असते, बी-बियाण्याची तोंडमिळवणी करायची असते, म्हणून मुलगा मालकाकडून पन्नास हजार उचल घेतो. त्या दिवशी मालक देवासारखा वाटतो. पुढे दर महिन्याचा हिशेब ‘उचलीत वळते केले’ एवढ्या तीन शब्दांत संपतो. उचल घेणे गुन्हा नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ देणार नाही अशी सक्ती करणे, ही वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे. आपला मूळ परवाना कोणाच्या हवाली करू नये, तो या कारणानेही.

तेव्हा गाडीवर लागण्यापूर्वी मालकाशी बसून पाच प्रश्न विचारावेत. मूळ पगार किती? गेल्या तीन महिन्यांत याच मार्गावरच्या गाडीच्या खेपा किती झाल्या? गाडी उभी असेल त्या दिवसाची खोराकी मिळेल का? डिझेलची आणि मालाची तूट कोणाच्या नावावर? आणि जादा वजनाचा दंड कोण भरणार? हा शेवटचा प्रश्न लहान समजू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. ड्रायव्हरच्या माथी मारला तर एका काट्यावर त्याचा दीड महिन्याचा पैसा संपेल.

एखादा मालक म्हणेल, ‘बापू, तुले गाडी हाकाची हाये का वकिली कराची हाये?’ त्यावर रागावू नये. शांतपणे म्हणावे, ‘सेठजी, गाडीच हाकतो, पण घरी मायले किती पाठवीन ते सांगून निघा लागते.’ जो मालक या प्रश्नांची सरळ उत्तरे देतो, त्याचा आकडा थोडा लहान असला तरी चालेल. मूळ पगार किमान वेतनाहून कमी नाही ना, हेही पाहावे. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळतो.

आणि एक वही ठेवावी. साधी शाळेतली वही चालेल. निघाल्याची तारीख, मीटरचा आकडा, फाटकाशी पोचल्याची वेळ, माल उतरल्याची वेळ, घेतलेली खर्ची, भरलेले डिझेल, झालेली कपात. बिल्टीचा आणि काट्याच्या पावतीचा फोटो मोबाइलमध्ये. तोंडी हिशेबात मालकाची आठवण नेहमी ड्रायव्हरपेक्षा पक्की निघते. वही असली की दोघांची आठवण सारखी होते. देव न करो, पण उद्या अपघात झाला आणि भरपाई मागण्याची वेळ आली, तर हा मुलगा याच गाडीवर कामाला होता, हे सांगणारी तीच वही असते.

ड्रायव्हरकी वाईट आहे, असे मला सांगायचे नाही. आपल्या शेतातली रुई गिरणीपर्यंत पोचते ती याच माणसांच्या जिवावर. नेमका मार्ग आणि सरळ मालक मिळाला तर या धंद्यावर घरे उभी राहिली आहेत, मुले शिकली आहेत. पण दुरून डोंगर साजरे दिसतात. जाहिरातीतले तीस हजारही तसेच दुरून दिसणारे आहेत. शेत गहाण टाकून परवाना काढण्याआधी आणि उचलीवर अंगठा उठवण्याआधी, घरातल्या मंडळींनी एका संध्याकाळी एकत्र बसावे आणि हा हिशेब आपल्या आकड्यांनी करावा. बेरीज जुळली तर मुलाला खुशाल गाडीवर पाठवा. नाही जुळली, तर ते घरात बसून कळलेले बरे. कोइमतूरच्या फाटकाशी चौथ्या दिवशी कळून उपयोग नाही.